मोठ्या शर्यतीआधीचे चार आठवडे: रोइंग क्रूने काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

वर्षभर नेटाने सराव केलेले क्रू शेवटच्या चार आठवड्यांत स्वतःचं नुकसान करून घेतात, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण घाई असते. शर्यत जवळ आली की दम कमी पडेल अशी धास्ती वाटते. मग मेहनत वाढते, रिगिंगला (वल्ही आणि ती अडकवायच्या सांगाड्यांच्या मापांना) हात लागतो, जागा बदलतात आणि स्टार्टचा सराव शेवटच्या तीन दिवसांवर ढकलला जातो. चार आठवड्यांत दम फारसा वाढत नाही. जो आहे तो ताज्या अंगाने, एका लयीत आणि भरवशाच्या बोटीतून बाहेर काढता येतो, आणि त्यासाठी क्रम पाळावा लागतो: आधी जागा, मग रिग, मग रेट (मिनिटाला वल्ह्याचे किती स्ट्रोक), मग आराम. हा क्रम उलटला की प्रत्येक पुढचं काम मागचं काम बिघडवतं.

या लेखात ‘दिवस 28’ म्हणजे शर्यतीला 28 दिवस उरलेत तो दिवस. आकडे 2000 मीटरच्या शर्यतीचे आहेत. मास्टर्स गटात अंतर 1000 मीटर असतं, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी 1500 मीटर ठरलं आहे. अंतर कमी झालं की स्टार्टचं महत्त्व वाढतं; टप्प्यांचा क्रम तोच राहतो.

## टप्पा 1: जागा पक्क्या करा (दिवस 28 पर्यंत)

कोण कुठे बसणार हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नाही. सीट रेसिंग (खेळाडूंची अदलाबदल करून बोटींच्या वेगाची तुलना) करायचं असेल तर ते दिवस 28 च्या आत संपवा. दोन फोर (चौघांच्या बोटी), पाण्याचा तोच पट्टा, तीन ते चार मिनिटांच्या फेऱ्या, रेट 30–32 ला बांधलेला, आणि दर वेळी दोन बोटींमध्ये एकाच जोडीची अदलाबदल. दोन जोड्या एकदम बदलल्या तर फरक कोणामुळे पडला ते कळत नाही. मधेच वारा फिरला तर ती फेरी मोजू नका.

राखीव खेळाडूही आताच ठरवा आणि त्याला आठवड्यातून एकदा तरी शर्यतीच्या रेटला बोटीत बसवा. स्वीपमध्ये (प्रत्येकाकडे एकच वल्हं) तो दोन्ही बाजूंनी ओढणारा असावा. कोणी दिवस 3 ला तापाने झोपलं, तर त्या क्रूच्या लयीत आधी तीन-चार वेळा ओढलेला माणूसच उपयोगी पडतो.

सावधान: दिवस 21 नंतर जागांची अदलाबदल फक्त दुखापत किंवा आजारपणासाठी. एखादा सराव वाईट झाला, हे जागा बदलण्याचं कारण होत नाही.

## टप्पा 2: रिग एकदाच, मोजून लावा (दिवस 27 ते 22)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बोट जड वाटली की कोणीतरी क्लॅम (वल्ह्यावर चढवायची चकती) बसवतो, दुसरा फुटस्ट्रेचर (पाय टेकवायची पाटी) एक भोक पुढे नेतो, तिसरा गेटखालचा (वल्हं अडकवायच्या कडीखालचा) वॉशर काढतो. आठवड्याने कोणाचं काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एक दिवस फक्त मोजमापासाठी ठेवा आणि मोजणाऱ्याच्या शेजारी वही घेऊन एक माणूस बसवा.

बोट ट्रेसलवर (घोडीवर) ठेवून स्पिरिट लेव्हलने लांबीत आणि रुंदीत समपातळीत आणा. मग पुढच्या क्रमाने जा:

1. स्प्रेड किंवा स्पॅन. स्वीपमध्ये पिनपासून (गेट ज्यावर फिरतं त्या खिळ्यापासून) बोटीच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर मोजा. एटमध्ये (आठ जणांच्या बोटीत) ते साधारण 83–85 सेंमी असतं, पेअरमध्ये (दोघांच्या बोटीत) 85–87. स्कलिंगमध्ये (प्रत्येकाकडे दोन वल्ही) पिन ते पिन, साधारण 158–160 सेंमी. दोन सीटांमध्ये 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नका.
2. पिच (पात्याचा कल). पिन बाहेरच्या बाजूला किती कलली आहे ते आधी, मग गेटचा पिच. वल्हं आणि गेट मिळून 4 अंशांच्या आसपास. गेटमधले बुश (पिच ठरवणारे छोटे तुकडे) वरचे आणि खालचे जुळलेले आहेत ना, ते बोटाने चाचपून नव्हे, त्यावरचे आकडे वाचून बघा.
3. उंची. सीटच्या सर्वांत खोल बिंदूपासून गेटच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत, साधारण 16–18 सेंमी. स्कलिंगमध्ये डावा हात वर ठेवून ओढत असाल तर डाव्या हाताकडचं गेट 1–2 सेंमी उंच.
4. वल्ही. एकूण लांबी आणि इनबोर्ड (मुठीच्या टोकापासून गेटपर्यंतची लांबी), दोन्ही मोजा. स्वीप साधारण 370–376 सेंमी, स्कल 284–290. इनबोर्डसाठी एक सोपा ताळा आहे: स्वीपमध्ये स्प्रेड अधिक 30 सेंमी (84 असेल तर 114), स्कलिंगमध्ये स्पॅनचा निम्मा अधिक 8 सेंमी (160 असेल तर 88).
5. फुटस्ट्रेचर. हे सगळ्यात शेवटी आणि पाण्यावर. फिनिशला (स्ट्रोक संपतो त्या स्थितीत) बसा. स्कलिंगमध्ये दोन्ही मुठी फासळ्यांना नुसत्या लागाव्यात आणि दोन मुठींच्या मधे साधारण एक मूठ मावावी. मग कॅचला (पातं पाण्यात पडतं त्या स्थितीत) जा आणि आठही वल्ही एकाच कोनात येतात का, ते काठावरून फोटो काढून बघा.

पिच बदलला की पिनचं वरचं टोक सरकतं आणि उंचीही थोडी हलते, म्हणून उंची पिचनंतर. आधी उंची लावून मग पिच लावणारे दोन्ही कामं दोनदा करतात, किंवा दुसऱ्यांदा करायचं विसरतात.

मापं झाली की स्ट्रेचरच्या पट्टीवर प्रत्येकाच्या जागी रंगीत टेप लावा आणि भोकांचा आकडा वहीत लिहा. गेटखाली किती वॉशर आणि वर किती, हेही लिहा. वहीचं ते पान फोटो काढून सगळ्यांकडे पाठवा. प्रवासात रिगर (गेट धरणारे सांगाडे) काढले की ते परत लावायला हेच पान लागणार आहे.

तपासा: सर्व वल्ह्यांचे कॉलर (गेटला टेकणारी कडी) हाताने फिरवून बघा. लांबी बदलता येणाऱ्या मुठींचा स्क्रू सैल असेल तर एक वल्हं शर्यतीच्या मधेच लांब किंवा आखूड होऊ शकतं, आणि खेळाडूला फक्त ‘काहीतरी विचित्र लागतंय’ एवढंच कळतं.

दिवस 21 नंतर मूळ रिगला हात नाही. वाऱ्याप्रमाणे करायचे छोटे बदल टप्पा 8 मध्ये येतात. ते वेगळे आणि उलटवता येण्याजोगे आहेत.

## टप्पा 3: शेवटची जड मेहनत (दिवस 28 ते 15)

या दोन आठवड्यांत आठवड्याचे किलोमीटर नेहमीइतकेच ठेवा. भर घालायची ती वेगात. आठवड्यात शर्यतीच्या वेगाचे दोन सराव पुरेत, आणि त्यांच्यामध्ये 48 तास असू द्या. बाकीचा सराव 18–20 रेटला, लांब आणि शांत, इतका की बोलता यावं.

वेगाच्या सरावासाठी दोन साचे चांगले चालतात. पहिला: 8 × 500 मीटर, शर्यतीच्या वेगाला, प्रत्येकानंतर 4–5 मिनिटं हळू वल्हवणं. दुसरा: 3 × 1000 मीटर, रेट 32, 34, 36 असा चढता, मधे 8–10 मिनिटं. पूर्ण 2000 मीटर शर्यतीच्या ताकदीने ओढायचे असतील तर शेवटचे दिवस 15 च्या आसपास. दिवस 10 नंतर पूर्ण अंतराची चाचणी घेतली की तिचा थकवा शर्यतीपर्यंत पुरता उतरत नाही, आणि निकाल वाईट आला तर क्रूच्या मनात तोच घोळत राहतो.

वजनं उचलण्याचा व्यायाम एकदम बंद करू नका. संच कमी करा, वजन तेच ठेवा. शेवटचा जड व्यायाम दिवस 12 ला.

सावधान: फासळीत एका ठरावीक जागी दुखणं, खोकताना किंवा कुशीवर वळताना कळ येणं हे फासळीच्या ताणाच्या इजेचं लक्षण असू शकतं. रोइंगमध्ये ही इजा सर्रास आढळते. ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून ओढत राहिलात तर फासळीला बारीक तडा जाऊ शकतो आणि मग काही आठवडे बाहेर बसावं लागतं. त्याच दिवशी वल्हं ठेवा, डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर सायकलवर दम टिकवा.

## टप्पा 4: रेट चढवा, लांबी राखा (दिवस 24 ते 10)

रेट वाढवणं म्हणजे वेग वाढवणं हा समज क्रूला महागात पडतो. एक हिशोब करून बघा. 2000 मीटर 6 मिनिटं 40 सेकंदांत, म्हणजे 400 सेकंदांत जायचं असेल तर सरासरी वेग सेकंदाला 5 मीटर, स्प्लिट (500 मीटरला लागणारा वेळ) 1:40. रेट 36 असेल तर दर स्ट्रोकला बोट सुमारे 8.3 मीटर जाते. रेट 38 केला आणि स्प्लिट 1:40 च राहिला, तर दर स्ट्रोकला 7.9 मीटर. क्रूने मिनिटाला दोन स्ट्रोक जास्त ओढले आणि मिळालं काहीच नाही.

म्हणून रेटची शिडी चढा. एका पट्ट्यात 20 स्ट्रोक 28 ला, 20 स्ट्रोक 30 ला, असं दोन-दोनने 38 पर्यंत. प्रत्येक पायरीचा स्प्लिट लिहा. ज्या पायरीवर स्प्लिट सुधारायचा थांबतो, तिच्या एक पायरी खालचा रेट हा आजचा शर्यतीचा रेट. तीन-चार दिवसांनी परत बघा. बहुतेक क्रूंमध्ये तो 34 ते 38 च्या मधे बसतो. एट थोडी वर जाते.

पायरी कुठे तुटते ते पाहायला काठावरून, बोटीच्या अगदी काटकोनात राहून, हळू गतीचा व्हिडिओ घ्या. 30 ला सगळी वल्ही एकत्र पडताना दिसतात. 36 ला तीन नंबरचं पातं बाकीच्यांच्या मागे राहून पाण्याला टेकतं, आणि त्याच क्षणी बोटीचं मागचं टोक किंचित खाली दबतं. त्या खेळाडूचे हात वेगाने चालत असतात. चूक असते ती फिनिशनंतर हात उशिरा सुटण्यात. हात मांडीपाशी रेंगाळले की पुढे स्लाइडवर (सरकत्या सीटच्या रुळावर) घाई होते आणि कॅचला लांबी राहत नाही. त्याला ‘लवकर पकड’ असं सांगितलं तर तो आणखी आखूड होईल. ‘हात आधी बाहेर, मग अंग, मग स्लाइड’ एवढंच सांगा आणि 24 ला दहा मिनिटं तेच करून घ्या.

तपासा: रेट 36 ला 20 स्ट्रोक ओढून एकदम थांबा आणि पाती पाण्यावर सपाट ठेवा. कोणाच्या हाताची मूठ पांढरी पडलेली दिसली तर त्याची पकड घट्ट आहे. अशी पकड 1200 मीटरच्या पुढे हाताच्या कोपराखालच्या स्नायूंना गोठवते.

## टप्पा 5: स्टार्ट (दिवस 21 ते 2)

स्टार्टचा सराव तीन आठवडे, थोडा-थोडा. आठवड्यात तीन वेळा, सरावाच्या सुरुवातीला अंग गरम झाल्यावर, 6 ते 8 स्टार्ट. प्रत्येकी 15–20 स्ट्रोक, मधे तीन-चार मिनिटांची पूर्ण विश्रांती. दमलेल्या अंगाने केलेला स्टार्ट चुकीची सवय लावतो, म्हणून तो सरावाच्या शेवटी ठेवू नका.

बसणं. तीन चतुर्थांश स्लाइडवर, पाठ सरळ, वजन पायांच्या चवड्यांवर, पाती उभी आणि पूर्ण बुडलेली. पूर्ण म्हणजे पात्याची वरची कड पाण्याखाली. एकाही वल्ह्याची कड बाहेर असेल तर पहिल्याच स्ट्रोकला ती बाजू हवा ओढते आणि बोट कलते.

पहिले पाच. तीन चतुर्थांश, अर्धा, तीन चतुर्थांश, जवळजवळ पूर्ण, पूर्ण. पहिला स्ट्रोक पायांनी दाबायचा, झटका मारायचा नाही. थांबलेली बोट जड असते. पाठ आधी उघडली तर पातं पाण्यातून फाटत येतं आणि बोट जागेवरच राहते. पात्यामागे पांढरा फेस दिसला तर झटका बसला आहे. पातं घट्ट धरलेलं असेल तर मागे गडद, खोल भोवरा दिसतो.

पुढचे दहा ते पंधरा. रेट 40 ते 46, पूर्ण लांबी. हात सैल.

उतरण. स्टार्टचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. 44 वरून 36 वर यायचं असतं ते वेग राखून. रेट रिकव्हरीत (पातं पाण्याबाहेर असताना) खाली आणायचा, पाण्यातला दाब तोच ठेवायचा. इथे दोन चुका होतात. एक, दाबही सोडला जातो आणि दोन स्ट्रोकांत शेजारची बोट निघून जाते. दुसरी, उतरणच येत नाही. क्रू 40 वर 600 मीटरपर्यंत जातो आणि 1100 ला पाय संपतात. उतरणीचा शब्द ठरवा, तो कितव्या स्ट्रोकला येणार ते ठरवा आणि रोज तोच वापरा. शब्द आल्यावर तीन स्ट्रोकांत रेट खाली आला पाहिजे.

वर्ल्ड रोइंगच्या (रोइंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमांनी होणाऱ्या शर्यतीत ठरलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बोट जागेवर लागलेली हवी. स्टार्टर क्रूंची नावं घेतो, मग ‘अटेन्शन’, लाल दिवा, थोडा थांबा, आणि हिरवा दिवा नि आवाज एकदम. लाल ते हिरव्याच्या मधे बोटीचं टोक रेषेपुढे गेलं तर फॉल्स स्टार्ट, पिवळं कार्ड. दोन पिवळी कार्डं मिळाली तर शर्यतीबाहेर. मधला थांबा प्रत्येक वेळी सारखा नसतो, म्हणून सरावातही प्रशिक्षकाने तो कधी एक, कधी चार सेकंदांचा ठेवावा. ठरावीक लयीत ‘अटेन्शन, गो’ ऐकून तयार झालेले क्रू ऐन वेळी आधी सुटतात.

तपासा: दिवस 5 पर्यंत किमान पाच स्टार्ट असे करा की बोटीचं मागचं टोक कोणीतरी प्रत्यक्ष धरलं आहे, आणि एक-दोन आडव्या वाऱ्यात. बोट सरळ ठेवायला कोणती सीट कुठलं वल्हं हलकेच मारणार, हे त्याच वेळी ठरवा.

## टप्पा 6: मेहनत उतरवा (दिवस 14 ते 1)

2007 साली टेपरवरच्या (शर्यतीआधी मेहनत उतरवण्यावरच्या) अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक फायदा दिसला तो साधारण दोन आठवड्यांच्या टेपरला, ज्यात सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी कमी केलं होतं आणि तीव्रता नि सरावांची संख्या मात्र राखली होती. नेमकं हेच क्रू उलटं करतात: दिवस सुट्टीचे घेतात, पण जे सराव करतात ते लांब आणि संथ.

समजा नेहमीचा आठवडा 120 किलोमीटरांचा आहे. दिवस 14 ते 8 मध्ये 80–85 करा, दिवस 7 ते 1 मध्ये 50–60. सराव तितक्याच वेळा, पण प्रत्येक छोटा. वेगाचे तुकडेही छोटे होत जातील: दिवस 12 ला 5 × 500, दिवस 9 ला 2 × 750, दिवस 6 ला 3 × 500, दिवस 4 ला 4 × 250, दिवस 2 ला फक्त दोन स्टार्ट आणि 20 स्ट्रोकांचे दोन तुकडे. वेग शर्यतीचाच.

टेपरच्या चौथ्या ते सातव्या दिवशी बऱ्याच जणांना अंग जड वाटतं, पाय लाकडासारखे होतात, झोप येत नाही. क्रू इथे घाबरतो आणि ‘एक कडक सराव करून बघू’ म्हणतो. तो करू नका. जडपणा दोन-चार दिवसांत जातो, आणि गेल्यावरच शरीर उघडतं. प्रशिक्षकाने हे क्रूला आधीच सांगून ठेवलं पाहिजे, म्हणजे दिवस 9 ला कोणी खचणार नाही.

मोकळा झालेला वेळ झोपेला द्या. सर्दी-खोकल्यापासून सांभाळा: पाण्याची बाटली ज्याची त्याची, हात धुणं, आजारी माणसाची खोली वेगळी. दिवस 10 ला साध्या सर्दीने दोन सराव बुडाले तर काहीही बिघडत नाही. तापात ओढलेले दोन सराव मात्र शर्यत घालवतात.

## टप्पा 7: शर्यतीचा आराखडा (दिवस 10 ते 5)

आराखडा कागदावर अर्ध्या पानात मावला पाहिजे. 6:40 च्या बोटीसाठी तो असा दिसेल: पहिले 500 मीटर 1:37, दुसरे 1:41, तिसरे 1:42, शेवटचे 1:40. तिसऱ्या 500 मध्ये सगळ्यांचा वेग पडतो. ज्याचा कमी पडतो तो पुढे जातो. म्हणून क्रूचा मुख्य हल्ला 1000 ते 1250 च्या मधे ठेवा, वेग पडायच्या आधी. पडल्यावर उचलायला दुप्पट ताकद लागते.

कॉक्सचे (सुकाणू धरून सूचना देणाऱ्याचे) शब्द मोजके आणि आधी ठरलेले. बदल सांगायचा तर दोन स्ट्रोक आधी: ‘पुढच्या दोनात… एक… दोन… आता.’ ‘आता’ कॅचवर पडला पाहिजे. रिकव्हरीच्या मधे पडला तर अर्धे खेळाडू या स्ट्रोकला बदलतात, अर्धे पुढच्या. कॉक्सने स्प्लिट खरा सांगावा. खोटा आकडा क्रूला एकदाच फसवतो, नंतर तो कोणी ऐकत नाही. सुकाणू पाती पाण्यात असताना आणि थोडं-थोडं. कॉक्सशिवायच्या बोटीत पायाने सुकाणू चालवणाऱ्याने मधल्या स्थितीची खूण बुटाच्या पट्टीवर केलेली असावी.

बोट उसळली, कोणाचं वल्हं पाण्यात अडकलं, तर काय? तेही ठरवा. शब्द एक, कोण म्हणणार तो एक, आणि त्यानंतर तीन लांब स्ट्रोक. सरावात हे दोनदा मुद्दाम घडवा.

## खाणं, वजन, हात

थोडक्यात. 2000 मीटरला मॅरेथॉनसारखा कर्बोदकांचा साठा लागत नाही. शेवटच्या दोन दिवसांत मेहनत कमी आणि जेवण तेवढंच ठेवलं तरी साठा भरतो. कॅफीन किंवा तसलं काही घ्यायचं असेल तर ते सरावाच्या शर्यतीत आधी घेऊन पाहिलेलं असावं. नवीन काहीही नको.

वर्ल्ड रोइंगच्या नियमात कॉक्सचं किमान वजन 55 किलो. कमी पडल्यास 15 किलोपर्यंत जड वजन बोटीत ठेवता येतं. लाइटवेट गटात वजन शर्यतीच्या दोन तास ते एक तास आधी घेतात. पुरुषांची सरासरी मर्यादा 70 किलो आणि वैयक्तिक 72.5, महिलांची 57 आणि 59. शेवटच्या आठवड्यात प्रवेश करताना कोणी दीड किलोपेक्षा जास्त वर असेल तर तो प्रश्न आधी सोडवायला हवा होता. ऐन वेळी घाम काढून, पाणी तोडून वजन आणणारा 1500 मीटरला रिकामा होतो.

हातावरचे घट्टे बारीक घासा, कापू नका. फोड फुटला तर धुवा, कोरडा ठेवा, रात्री उघडा. टेप लावून ओढायचं असेल तर त्या टेपसह दोन सराव आधी करा, कारण पकडीची जाडी बदलते.

## टप्पा 8: बोट नेणं आणि कोर्सवरचे पहिले दिवस (दिवस 5 ते 1)

रिगर काढताना प्रत्येकावर सीटचा आकडा आणि बाजू लिहिलेली टेप. नट आणि वॉशर काढलेल्या बोल्टवर परत फिरवून ठेवा, डब्यात मोकळे टाकू नका. सोबत 10 आणि 13 मिमीचे पाने दोन-दोन, जादा नट-वॉशर, एक गेट, एक सीट, चाकं, टाच बांधायची दोरी, सुकाणूची तार, टेप. फिन (बोटीच्या तळाचा पंख) आणि सुकाणू प्रवासात सर्वांत आधी मोडतात.

जोडल्यावर वहीच्या पानावरून स्प्रेड आणि उंची परत मोजा. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळा. प्रवासानंतर ते बसतात आणि सैल होतात. कार्बनच्या बोटीत जोर लावून आवळू नका, आटे जातात.

तपासणीत अडकणाऱ्या गोष्टी: टोकावरचा चेंडू (किमान 4 सेंमी व्यासाचा, घट्ट बसलेला), टाचेच्या दोऱ्या, बूट एका हाताने सुटतात का. टाचेची दोरी लांब असेल तर बोट उलटल्यावर पाय बुटातून निघत नाही. नियम बाजूला ठेवला तरी हा जिवाचा प्रश्न आहे. बोटीच्या तळाला पाण्याचे गुणधर्म बदलणारं काही लावायला बंदी आहे. साबण-पाण्याने धुवा आणि पुसा.

कोर्सवर पहिल्या दिवशी वेग नको. वाहतुकीची दिशा, 500-500 मीटरच्या खुणा, वारा कोणत्या बाजूने लागतो, हे बघा. लेन साधारण 13.5 मीटर रुंद असते. पाती बोयाला लागत नाहीत ना, याची कॉक्सला सवय होऊ द्या.

वाऱ्यासाठीचे बदल मर्यादित. जोराचा समोरून वारा असेल तर शर्यत वीस-तीस सेकंदांनीही लांबते; तेव्हा 1 सेंमीचा क्लॅम चढवून इनबोर्ड वाढवा, भार हलका होतो. मागून वारा असेल तर क्लॅम काढा. लाटा असतील तर गेट एका वॉशरने वर. बदल सगळ्यांना सारखाच, वहीत नोंदवलेला, आणि पाण्यावर एकदा करून पाहिलेला.

## टप्पा 9: शर्यतीचा दिवस

घड्याळ उलटं मोजा. शर्यत 10:00 ला असेल तर:

- 6:30 जाग. 7:00 नेहमीचं, हलकं, पचणारं खाणं. त्यानंतर पाणी घोट-घोट.
- 8:30 बोटीची पाहणी: नट, गेट, टाचेच्या दोऱ्या, सीटची चाकं, फिन, लेनचा आकडा, कॉक्सच्या यंत्राची बॅटरी.
- 8:50 दहा मिनिटांची बैठक. आराखडा वाचायचा, नवीन काही सांगायचं नाही.
- 9:00 जमिनीवर अंग गरम करणं, 15 मिनिटं.
- 9:15 पाण्यात. दहा-बारा मिनिटं 18–22 ला. मग 10 स्ट्रोक 28 ला, 10 स्ट्रोक 32 ला, 10 स्ट्रोक 36 ला, मधे हळू. दोन स्टार्ट, प्रत्येकी 10–15 स्ट्रोक.
- 9:45 पर्यंत कडक काम संपलेलं. वरचे कपडे काढा, पाणी प्या, हात पुसा.
- 9:55 पर्यंत जागेवर.

इथली नेहमीची चूक म्हणजे लवकर पाण्यात जाऊन 20 मिनिटं थांबून राहणं. अंग थंड पडतं आणि पहिले 500 मीटर जड जातात. शर्यती उशिराने चालल्या असतील तर दर पाच मिनिटांनी 10 स्ट्रोक ओढत राहा.

## टप्पा 10: फेऱ्यांच्या मधे

रेषा ओलांडल्यावर बोट थांबवून बसून राहू नका. श्वास सावरला की 15–20 मिनिटं 18 ला वल्हवा. पुढची फेरी तीन तासांच्या आत असेल तर दहाच मिनिटं आणि लगेच पिण्याजोगं, पचायला सोपं काहीतरी. वेळ असेल तर पहिल्या तासात दर किलो वजनामागे सुमारे 1 ग्रॅम कर्बोदकं, ओले कपडे बदलणं, सावली, पाय वर.

बोट ट्रेसलवर आली की कॉक्स आणि स्ट्रोकने (लय ठरवणाऱ्या खेळाडूने) स्प्लिट आणि रेट लिहून घ्यावेत, इतरांशी बोलायच्या आधी. दहा मिनिटांनी आठवण बदलते. अंतिम फेरीसाठी आराखड्यात बदल एकच करा, तोही या आकड्यांवरून. उतरण उशिरा झाली असेल तर उतरण. तिसरे 500 फार पडले असतील तर हल्ला 100 मीटर आधी. मग वही उघडून नट पुन्हा आवळा, आणि फेरीसाठी चढवलेला क्लॅम आताच्या वाऱ्याला ठेवायचा की काढायचा, हे बोट उचलण्याआधी ठरवा.